एमटीबीचे गिअर शिफ्टर अडकतात, अंगठ्याचा लिव्हर पोकळ जातो

टेकडीवाला

मंडळी, सल्ला हवा आहे. लॉकडाऊनच्या काळात घेतलेली एमटीबी (माउंटन बाइक) आहे, पुढे ३ आणि मागे ७, म्हणजे २१ गिअर. सुरुवातीला वेताळ टेकडीवर भरपूर फिरली, मग कामाच्या व्यापात सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडून राहिली. आता मुलगी अकरावीला गेली, तिला कॉलेजला जायला सायकल हवी आहे म्हणून बाहेर काढली. टायर-ट्यूब बदलल्या, ब्रेक पॅड नवे टाकले, चेन धुऊन तेल दिलं. गिअर मात्र काही केल्या ऐकत नाहीत.

उजव्या हाताला अंगठ्याने दाबायचा मोठा लिव्हर आहे, तो दाबला की नुसता पोकळ जातो. ‘टिक’ असा आवाज येत नाही, मागे काही हलत नाही. तर्जनीचा छोटा लिव्हर दाबला तर दाबलेलाच राहतो, बोटाने परत आणावा लागतो. डावीकडचा चालतो, पण इतका जड की मुलीच्या अंगठ्याला जमणारच नाही.

जवळच्या दुकानात दाखवली. ‘शिफ्टर गेलेत, दोन्ही बाजूंचे बदलावे लागतील, ब्रेक लिव्हरसकट येतात’ असं सांगण्यात आलं. मला हे पटत नाही. सायकल कुठे आपटलेली नाही, तुटलेलं काही दिसत नाही. उभ्या उभ्या बंद पडलेली वस्तू साफसफाईने चालू व्हायला हवी. कोणी हे घरी केलं आहे का?

रत्नांग्रीकर

डब्ल्यूडी-४० मारा भरपूर, लिव्हर खालीवर करत राहा, सुटेल. आमच्याकडे प्रत्येक पावसाळ्यानंतर हेच करतो.

किल्ली_पान्हा

टेकडीवाला, शिफ्टर फेकू नका. ही तक्रार मी वारंवार पाहतो, आणि बहुतेक वेळा आत काहीही मोडलेलं नसतं. आतलं ग्रीस आळलेलं असतं, बस्स.

आत काय चालतं ते सांगतो, म्हणजे पुढचं करताना हात घाबरणार नाही. केबल एका छोट्या चक्रावर गुंडाळली जाते. त्या चक्राला दाते आहेत. अंगठ्याचा लिव्हर दाबला की त्यातला एक खटका दात्यात अडकतो आणि चक्राला पुढे ढकलतो. दुसरा खटका चक्राला तिथेच धरून ठेवतो, नाहीतर डिरेलरची, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाची, स्प्रिंग केबल परत ओढून घेईल. तर्जनीचा लिव्हर हा दुसरा खटका क्षणभर उचलतो, चक्र एक दात मागे सरकतं आणि लगेच परत धरलं जातं. आपण ऐकतो तो ‘टिक’ त्या खटक्याचा.

आता या खटक्यांमागे ज्या स्प्रिंगा आहेत त्या अगदी बारीक, त्यांच्यात जोर असतो जेमतेम. कारखान्यात भरलेलं ग्रीस सायकल वापरात असेल तर हलत राहतं. पडून राहिली की त्यातलं तेल निघून जातं आणि मागे काकवीसारखा घट्ट चिकटा उरतो. खटका त्या चिकट्यात वरच्या वर धरला जातो, स्प्रिंगला तो दात्यापर्यंत ढकलता येत नाही. लिव्हर फिरतो पण दात पकडायला कोणी नाही. तुम्ही ज्याला पोकळ म्हणताय ते हेच.

पण हात घालण्याआधी एक गोष्ट करा. गिअर अडकण्याच्या जागा तीन: शिफ्टर, केबल आणि डिरेलर. तिन्ही वेगळे करून बघा. मागच्या डिरेलरवर केबल जिथे आवळलेली असते तो बोल्ट बहुतेक ५ मिमीच्या अ‍ॅलन कीने सुटतो. केबल मोकळी करा आणि

– डिरेलर हाताने आत, स्पोकच्या दिशेने ढकला आणि सोडा. झटकन बाहेर यायला हवा. रेंगाळला तर त्याचे सांधे गंजलेत.

– केबलचं सुटं टोक पकडीत धरा, दुसऱ्या हाताने शिफ्टरजवळ आउटर (केबलवरचं बाहेरचं आवरण) थोडा मोकळा करून केबल मागेपुढे ओढा. सरसर जायला हवी. करकर लागली तर आउटरमध्ये गंज किंवा माती आहे.

– टोक हलकं ताणून धरा आणि कोणाला तरी शिफ्टर दाबायला सांगा. केबल सुटी असतानाही लिव्हर पोकळच गेला तर दोष शिफ्टरमध्ये.

एवढं करून इथे लिहा.

खोगीर

रत्नांग्रीकर, सुटेल हे खरं, पण तेवढ्यावर थांबू नये असं कळकळीने सांगतो. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत ओल हटवायला आणि गंज रोखायला बनवलेलं मिश्रण. त्यातला मोठा भाग उडून जातो. जुनं ग्रीस विरघळवायला उत्तम, पण मागे जो पातळ थर राहतो तो शिफ्टरच्या आतल्या धातूला पुरत नाही. तुम्हाला दर पावसाळ्यानंतर तेच करावं लागतं, त्यामागे हे एक कारण असू शकेल. धुवायला ते वापरा, नंतर खरं वंगण द्या.

रत्नांग्रीकर

मुद्दा पटला. यंदा नंतर तेल देऊन बघतो. कुठलं द्यायचं तेही कोणी सांगा.

टेकडीवाला

किल्लीदादा, सांगितलं तसं केलं. मुलीलाच मदतीला घेतलं.

डिरेलर झटकन बाहेर येतो. सांध्यांवर माती होती, ब्रशने काढली. केबल ओढताना मागच्या शेवटच्या वळणात करकर लागते, पुढे ठीक आहे. केबल सुटी असताना उजवा लिव्हर पोकळच जातो. दहा-बारा वेळा भरभर दाबला की मध्येच एकदा ‘टिक’ होतं आणि परत पोकळ.

किल्ली_पान्हा

अधूनमधून ‘टिक’ होतंय ही चांगली बातमी. खटका आणि दाते दोन्ही शाबूत आहेत. मोडलेला खटका असा मध्येच कामाला लागत नाही.

आता साफसफाई. निवांत वेळ काढा, घाईत करायचं काम नाही.

पुढच्या चाकावर आधी जुना टॉवेल किंवा वर्तमानपत्र टाका. शिफ्टर हँडलवर असतो आणि त्याच्या खालीच पुढचा ब्रेक. डिस्क ब्रेक असेल तर फवाऱ्याचा एक थेंब डिस्कवर गेला तरी पॅड तेल पितात आणि ब्रेक लागत नाही. हे शिफ्टर अडकण्यापेक्षा कितीतरी वाईट. हँडलच्या ग्रिपवरही प्लास्टिकची पिशवी बांधा.

ब्रेक लिव्हरसकट येणाऱ्या शिफ्टरला खालून किंवा वरून प्लास्टिकचं झाकण असतं, त्याला बारीक फुलीचे स्क्रू. फुलीचा योग्य मापाचा पेचकस घ्या, हे स्क्रू मऊ असतात आणि डोकं पटकन चाटतं. झाकण काढलं की दातेरी चक्र दिसेल. मध्ये जो नट किंवा बोल्ट आहे त्याला हात लावू नका. त्याच्याखाली गुंडाळी स्प्रिंग ताणून बसवलेली असते. तो उघडला की पत्रे आणि स्प्रिंगा एकामागून एक सुटतात आणि परत बसवणं भल्याभल्यांना जमत नाही. शिमानो ही गिअर बनवणारी कंपनीही हा भाग उघडून दुरुस्त करा असं सांगत नाही, अख्खं युनिट बदलायला सांगतं. आपल्याला उघडायचं नाही, फक्त धुवायचं आहे.

केबल निघत असेल तर पूर्ण काढा. तर्जनीचा लिव्हर दाबत दाबत चक्र शेवटच्या दातापर्यंत, म्हणजे मागच्या सगळ्यात लहान चकतीच्या स्थितीत न्या. त्या स्थितीत केबलची मुंडी बाहेरच्या भोकासमोर येते आणि केबल मागून ढकलली की मुंडी बाहेर डोकावते. तुमचा तर्जनीचा लिव्हर अडकतोय, तेव्हा कदाचित चक्र मध्येच थांबेल आणि मुंडी दिसणार नाही. जबरदस्ती करू नका. केबल आत तशीच ठेवून पहिली धुलाई करा, चक्र मोकळं झालं की ती आपोआप निघेल.

डिग्रीझर (ग्रीस काढणारं द्रावण), कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेच्या जोडण्या साफ करायचा फवारा) किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, जे मिळेल ते. नळीवाला फवारा असेल तर नळी खटक्यांच्या फटीत घाला, थोडं मारा, पाच मिनिटं थांबा. मग दोन्ही लिव्हर दाबत राहा. जो खटका सुस्त वाटतो त्याला लाकडी टूथपिकने हलकेच पुढेमागे करा. खाली धरलेल्या फडक्यावर तपकिरी पाणी पडेल. ते जवळजवळ स्वच्छ पडेपर्यंत हेच. घट्ट चिकटा एका फवाऱ्यात जात नाही, म्हणून लोक कंटाळून सोडतात आणि ‘उपयोग नाही’ म्हणतात.

पूर्ण वाळू द्या. रत्नांग्रीकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे: खटक्यांच्या सांध्यांना शिलाई मशीनचं पातळ तेल, मोजके थेंब. केबल गुंडाळते त्या खोबणीत पातळ ग्रीसचं बोट फिरवा. बेअरिंगमध्ये भरतात ते जाड ग्रीस अजिबात नको. त्याने खटके पुन्हा धरले जातील आणि पुढच्या थंडीत इथेच नवा धागा काढावा लागेल.

बर्फाळ

थंडीचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी कॅनडात असते. इकडे गराजमध्ये सायकल हिवाळाभर उणे तापमानात राहते आणि ग्रीस असंच जड होतं. आम्ही फवारणीआधी हेअर ड्रायरने शिफ्टर कोमट करतो. ग्रीस सैल पडतं, मग क्लीनर आत लवकर शिरतो. ड्रायर कमी तापमानावर ठेवा आणि एका जागी धरू नका, आतले काही भाग प्लास्टिकचे असतात. आणि क्रम पाळा: आधी ड्रायर, तो बंद करून बाजूला ठेवायचा, मगच फवारा. अल्कोहोल आणि डिग्रीझर पेट घेतात.

घाटमाथा

आणखी एक शक्यता, जी फवाऱ्याने सुटत नाही. केबलची मुंडी शिफ्टरच्या आत ज्या ठिकाणी वळते तिथे रोज वाकून वाकून तिचा एखादा तंतू तुटतो. तो तंतू उसवून दातेरी चक्राच्या आणि पत्र्याच्या मध्ये शिरतो. लक्षणं अशी: लिव्हर कधी चालतो कधी अडकतो, गिअर आपोआप बिघडतात, रोज बॅरल (केबलचा ताण कमीजास्त करायचा गोल स्क्रू) फिरवून जुळवावं लागतं. सिंहगडाच्या चढावर माझ्या मैत्रिणीची केबल पूर्ण तुटली, त्याआधी कितीतरी दिवस ती गिअरच जुळवत होती. केबल तुटली की डिरेलरची स्प्रिंग चेनला सगळ्यात लहान चकतीवर फेकते, म्हणजे सगळ्यात जड गिअर. घाटात हे झालं तर चालत जाणं आलं.

झाकण उघडलंच आहे तर मोबाइलचा टॉर्च लावून मुंडीजवळचा अर्धा इंच नीट बघा. एकही तंतू उभा राहिलेला दिसला तर केबल बदला. तुटलेले तुकडे बारीक चिमट्याने एकेक करून काढा, त्यातला एक जरी आत राहिला तरी तो पुन्हा कुठेतरी अडकतो.

नवखी

प्रश्न आहे. डिग्रीझर घरात नाही. रॉकेल किंवा पेट्रोल चालेल का? आणि नेलपॉलिश रिमूव्हर? तेही ग्रीस काढतं असं वाचलं.

खोगीर

नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर मुळीच नको. त्यात अ‍ॅसिटोनसारखी द्रावणं असतात, ती शिफ्टरच्या झाकणाचं आणि आकड्यांच्या खिडकीचं प्लास्टिक खातात. गाड्यांचा कार्ब्युरेटर क्लीनरही त्याच कारणाने टाळा. पेट्रोल घरात, बाल्कनीत वापरणं धोक्याचं आहे, एका ठिणगीचं काम. रॉकेल चालतं, जुने मिस्त्री चेन आणि फ्रीव्हील त्यानेच धुतात. पण ते हळूहळू वाळतं आणि मागे तेलकट थर सोडतं, त्यावर धूळ बसते. शिफ्टरसाठी आयसोप्रोपिल बरं, ते वाळतं आणि मागे काही ठेवत नाही. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानांत कॉन्टॅक्ट क्लीनरही मिळेल.

टेकडीवाला

झालं! म्हणजे निम्मं झालं.

आयसोप्रोपिल आणलं, झाकण उघडलं. दातेरी चक्राच्या कडेला मधाच्या रंगाचा थर होता, टूथपिकने खरवडला तर ताणला जाऊन धागा निघत होता. पहिल्या धुलाईत फार फरक पडला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तर्जनीचा लिव्हर स्वतःहून परत यायला लागला, मग केबल निघाली, आणि केबल निघाल्यावर खटके स्पष्ट दिसले. एक खटका टूथपिकने हलवला तर जिथे सोडला तिथेच थांबत होता. त्याच्या मुळाशी क्लीनर सोडत, हलवत राहिलो. हळूहळू तो आपणहून दात्यात जाऊन बसायला लागला, आणि अंगठ्याखाली सलग सात जागा लागल्या. मुलगी म्हणाली, ‘बाबा, हा आवाज तर घड्याळ दुकानातला!’ तिलाच तेलाचे थेंब द्यायला लावले.

घाटमाथा, तुम्ही म्हणालात तसं मुंडीजवळ पाहिलं. तंतू तुटलेला नव्हता, पण केबल तिथे कुजबट तपकिरी झाली होती.

आता अडचण दुसरी. जुनीच केबल परत लावून पाहिली. मोठ्या चकतीकडे जाताना गिअर पटापट चढतात. लहान चकतीकडे यायला मात्र वेळ लागतो, शिफ्टर ‘टिक’ करतो आणि चेन दोन-तीन पायडल मारल्यावर उतरते. कधी एकदम दोन उतरतात.

किल्ली_पान्हा

मनापासून आनंद झाला. ‘शिफ्टर गेलेत’ म्हणून अशा कितीतरी चांगल्या वस्तू भंगारात जातात.

आताचं लक्षण अगदी स्पष्ट आहे, यावरून रोगाची जागा ठरवता येते. मोठ्या चकतीकडे जाताना केबल तुमचा अंगठा ओढतो, अंगठ्यात जोर असतो, त्यामुळे आउटरमध्ये घर्षण असलं तरी काम होतं. लहान चकतीकडे येताना केबल डिरेलरची स्प्रिंग ओढते. तिच्यात जोर कमी. तेव्हा चढताना ठीक आणि उतरताना सुस्त असं दिसलं की केबल-आउटर बदला, शिफ्टरकडे पुन्हा बघू नका. (डिरेलरचे सांधे गंजले तरी असंच होतं, पण तुमचा डिरेलर तुम्ही आधीच तपासला आहे.)

तुम्हाला करकर लागली ते मागचं शेवटचं वळण हीच नेहमीची जागा. तिथे आउटर सगळ्यात खाली येतो, चाकावरून उडालेलं पाणी आणि माती त्यात उतरते आणि तिथेच राहते.

नवी केबल घेताना ‘गिअरची’ म्हणून सांगा. गिअरची आतली तार १.२ मिमी, ब्रेकची त्याहून जाड. स्टेनलेस मिळाली तर तीच घ्या. आउटरचं तर त्याहून महत्त्वाचं. गिअरच्या आउटरमध्ये पोलादी तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, ब्रेकच्या आउटरमध्ये त्या गोल गुंडाळलेल्या असतात. गुंडाळलेला आउटर ताण आला की किंचित दबतो. ब्रेकला ते चालतं. गिअरमध्ये एका चकतीपासून दुसरीपर्यंतचं अंतर ५ मिमीच्या आसपास, त्यामुळे आउटर थोडा दबला तरी गिअर चुकतो. उलट, गिअरचा आउटर ब्रेकला कधीही लावू नका, जोरात ब्रेक दाबला तर तो फाटू शकतो. दुकानात कधी कधी एकाच गुंडाळीतून दोन्हीला कापून देतात, तेव्हा कापलेलं तोंड स्वतः बघून घ्या, तारा ठिपक्यांसारख्या दिसल्या पाहिजेत.

जुन्याच्या मापाने कापा, पण आधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, ओढ बसत नाही ना. साध्या पकडीने कापलं तर तोंड चेपतं आणि आतली प्लास्टिकची नळी बंद होते. धारदार केबल कटर हवा. कापल्यावर तोंड कानशीने सपाट करा, आतली नळी टाचणीने उघडा, मग टोपी बसवा. टोपी नसेल तर आउटरच्या तारा एकेक करून बाहेर येतात आणि गिअर पुन्हा हलतात.

आणखी एक जागा लोक विसरतात. सायकल आडवी करून पायडलच्या मधल्या भागाखाली बघा. बऱ्याच फ्रेममध्ये दोन्ही गिअरच्या केबली तिथल्या प्लास्टिकच्या खोबणीतून उघड्या जातात. टेकडीवरची सगळी माती तिथे थापली जाते. जुन्या टूथब्रशने साफ करा.

रत्नांग्रीकर

या खोबणीबद्दल पूर्ण सहमत. आमच्याकडची जांभ्याची लाल माती तिथे बसली आणि वाळली की विटेसारखी कडक होते. वर समुद्राची खारी हवा. साधी गॅल्व्हनाइज्ड केबल एका पावसाळ्यात गंज धरते. स्टेनलेस थोडी महाग पडते पण किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी दुसरी घेऊच नये.

केबल घालताना आउटरमध्ये ग्रीस भरावं का? मी भरतो.

खोगीर

नवीन आउटरच्या आत नळी असते, बहुतेक कंपन्या तिला थोडं वंगण लावूनच देतात. जाड ग्रीस भरलं तर धूळ चिकटते आणि थंडीत केबल जड होते. माझं मत, नव्याला काही नको.

रत्नांग्रीकर

पण खाऱ्या हवेत कोरडी ठेवली की गंज येतो हो. मी अनुभवाने सांगतोय.

किल्ली_पान्हा

दोघांचंही आपापल्या हवेत बरोबर आहे. पुणे-नाशिकच्या कोरड्या धुळीत नवा आउटर तसाच वापरावा. कोकणात, गोव्यात केबलवर पातळ तेलाचं फडकं फिरवून मग ती आत घालावी, ग्रीसचा गोळा भरू नये. आणि शेवटच्या वळणाला आतून रबरी झालर असलेली टोपी मिळते, ती लावली तर पाणी आत जाणं बरंच कमी होतं.

टेकडीवाला

नवी केबल, नवा आउटर, दोन्ही घातले. चेन आता लहान चकतीवर लगेच उतरते. पण तिसऱ्या-चौथ्या चकतीवर खरखर येते. स्क्रू फिरवायचे का? डिरेलरवर एच आणि एल लिहिलेले दोन आहेत.

घाटमाथा

एच आणि एलला हात लावू नका! ते फक्त दोन टोकांच्या हद्दी ठरवतात, चेन फ्रेमकडे किंवा स्पोकमध्ये पडू नये म्हणून. मधल्या गिअरांशी त्यांचा संबंध नाही. आधी सगळं जुळलेलं होतं, तर त्या हद्दी जागेवरच असणार.

केबल जिथे डिरेलरमध्ये किंवा शिफ्टरमध्ये शिरते तिथे हाताने फिरणारं गोल बॅरल आहे, काम त्याचं. चेन सगळ्यात लहान चकतीवर ठेवा, सायकलचं मागचं चाक उचलून पायडल फिरवा, अंगठ्याने एक ‘टिक’ द्या. चेन दुसऱ्या चकतीवर चढली नाही तर ताण कमी आहे: बॅरल घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा वेढा. चढली पण तिसरीला घासायला लागली तर ताण जास्त: घड्याळाच्या दिशेने. अर्ध्या वेढ्याहून जास्त एका वेळी फिरवू नका. दुसरी चकती शांत झाली की बाकीच्या बहुतेक आपोआप शांत होतात.

नवी केबल पहिल्या काही फेऱ्यांत बसते, आउटरच्या टोप्या घट्ट दबतात, ताण थोडा उतरतो. तेव्हा पुन्हा पाव-अर्धा वेढा लागेल. ते बिघडणं नव्हे.

एवढं करूनही एखादीच चकती खरखरत राहिली तर मागून उभं राहून बघा: डिरेलरची लांब पट्टी चकत्यांना समांतर, सरळ खाली आहे का? आत वाकलेली दिसली तर ज्यावर डिरेलर टांगलेला असतो तो हँगर वाकला आहे. सायकल उजव्या बाजूला पडली किंवा टेम्पोत आडवी टाकून नेली की हे होतं. त्याला बॅरल फिरवून उपाय नाही, दुकानात हँगर सरळ करायचं गेज असतं, तिथेच न्या.

टेकडीवाला

बॅरलचा दीड वेढा लागला. सातही शांत. डावीकडचा जडपणा राहिलाय.

किल्ली_पान्हा

डावा शिफ्टर मुळातच उजव्यापेक्षा जड असतो. पुढच्या डिरेलरची स्प्रिंग कडक असते आणि चेन एकदम दहाएक दाते चढवायची असते. पण मुलीला जमत नाही इतका जड नको.

डावा शिफ्टर तुमच्या म्हणण्याप्रमाणे चालतो, म्हणजे खटके ठीक आहेत. तिकडे आधी पुढच्या डिरेलरकडे बघा. तो मागच्या टायरच्या अगदी पुढ्यात बसलेला असतो, टायरने उडवलेली माती थेट त्याच्या सांध्यांवर. केबल सोडून हाताने हलवा, जड असेल तर सांध्यांना क्लीनर, मग तेलाचे थेंब, आणि मोकळा होईपर्यंत हलवत राहा. केबल आणि आउटर तिकडचंही नवं टाका. तरीही जड वाटलं तर उजव्यासारखी धुलाई.

नवखी

माझ्या धाकट्या भावाच्या सायकलला लिव्हर नाहीत, ग्रिपच पिळून गिअर बदलतो. तोही घट्ट झालाय. तिथे काय करायचं?

खोगीर

पिळायच्या शिफ्टरमध्ये खटके नसतात, एक वाकडी स्प्रिंग प्लास्टिकच्या खाचांवरून उडी मारते. प्लास्टिकवर प्लास्टिक फिरतं, म्हणून तिथे खनिज तेलाचं साधं ग्रीस लावू नये, काही प्लास्टिक त्याने फुगतं. रबरी ग्रिप बाजूला सरकवा, फडक्याने आणि इअरबडने जुना चिखल काढा, प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. पण मुलांच्या सायकलींत बहुतेक वेळा शिफ्टर बरा असतो आणि आउटर गंजलेला असतो. केबल सोडून पिळून बघा. हलका फिरला तर केबलच बदला.

बर्फाळ

एक विनंती सगळ्यांनाच. दुरुस्ती झाली की सायकल गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली देऊ नका. ते पाणी शिफ्टरच्या झाकणातून, हबच्या सीलमधून आत शिरतं आणि वंगण धुऊन नेतं. बादली, मग आणि ब्रश पुरे. आणि धुताना सायकल उलटी उभी करायची सवयही वाईट. शिफ्टर जमिनीवर घासतात आणि आउटरच्या तोंडातून पाणी आत उतरतं.

घाटमाथा

+१. आणि पावसाळ्यात महिनाभर सायकल काढणार नसलात तरी येता-जाता लिव्हर दाबत जा. मागचं चाक उचलून पायडल फिरवायचं आणि सातही गिअर वरखाली करायचे. ग्रीस हलतं राहिलं की आळत नाही.

नवखी

आणि समजा एखाद्याचा खटका खरंच मोडलेला निघाला, शिफ्टर बदलावाच लागला, तर कुठलाही चालतो का? दुकानात ८ चा दाखवत होते, म्हणाले ७ ला पण चालेल.

किल्ली_पान्हा

नाही. शिफ्टर एका ‘टिक’मध्ये किती केबल ओढतो ते मागच्या चकत्यांच्या अंतरावर ठरलेलं असतं. ७ मध्ये ते अंतर ५ मिमी, ८ मध्ये ४.८. फरक छोटा दिसतो, पण प्रत्येक ‘टिक’ला साठत जातो आणि एका टोकाला जुळवलं की दुसऱ्या टोकाला खरखर. तात्पुरतं ढकलता येईल, रोजच्या वापराला घेऊ नये.

कंपनीही जुळायला हवी. शिमानोच्या एमटीबीच्या ७, ८ आणि ९ गिअरच्या डिरेलरांना लागणारी ओढ सारखीच आहे, त्यामुळे डिरेलर न बदलता काम होतं, फक्त शिफ्टर आणि चकत्यांची संख्या एक हवी. १० गिअरपासून शिमानोने एमटीबीची ओढ बदलली, तो शिफ्टर जुन्या डिरेलरला चालत नाही. स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या लिव्हरवाल्या शिफ्टरचं गणित वेगळं, तो शिमानोच्या डिरेलरला लावायचा नाही.

तेव्हा चकत्या मोजा, डिरेलरवरचं नाव वाचा, मोबाइलमध्ये दोन्हीचे फोटो घ्या आणि मग दुकानात जा. उजवा किंवा डावा एकटा मागा, बऱ्याच ठिकाणी सुटा मिळतो. आणि ब्रेक लिव्हर चांगला असेल तर ब्रेकशिवाय वेगळा येणारा शिफ्टर घ्या. फक्त तुमचा सध्याचा ब्रेक लिव्हर शिफ्टरसोबत एकाच तुकड्यात असेल तर लिव्हरही वेगळा घ्यावा लागेल, आणि तो तुमच्या ब्रेकला, केबलच्या किंवा हायड्रॉलिक, जो असेल त्याला जुळणाराच हवा.